पांढरा साका

'कार्यानुभव' हा शब्द आमच्या पिढीला शाळेच्या वेळापत्रकात भेटला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने त्याचा आग्रह धरला होता. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव दिले. चंदगड तालुक्यातल्या माझ्या शाळेत मात्र नावाने काहीच बदलले नाही. शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मेणबत्त्या ओतत असू. त्या वाकड्या होत आणि गुण सर्वांना सारखे मिळत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न आणता स्थानिक कारागिरांच्या हाताखाली काम शिकावे असे सुचवलेले आहे, ते वाचतानाही माझ्या डोळ्यांपुढे त्या मेणबत्त्याच आल्या.

म्हणून २०२३ मध्ये दसऱ्याच्या सुटीआधी दोन मुख्याध्यापकांचे निरोप आले, एक मराठी शाळेचा आणि एक कन्नड शाळेचा, तेव्हा मी लगेच होकार दिला नाही. नववीची चार मुले दहा दिवस आमच्या प्रयोगशाळेत ठेवून घ्यावीत, अशी विनंती होती. आमचा गट लहान. मी, दोन संशोधक विद्यार्थी आणि प्रयोगशाळेतले मामा. मार्कंडेय नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू राकसकोपपासून कंग्राळीच्या खालपर्यंत कसा बदलत जातो, एवढेच आमचे काम. शहराचे सांडपाणी घेऊन वडगाव-शहापूरच्या शिवारातून जाणाऱ्या नाल्याचे नमुनेही आम्ही घेतो. प्रबंधाची मुदत जवळ आलेला आमचा विद्यार्थी स्पष्टच म्हणाला, "सर, मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवू, चहा-बिस्कीट देऊ, प्रमाणपत्र देऊ आणि दुसऱ्या दिवशी मोकळे होऊ." बहुतेक ठिकाणी हेच होते आणि त्यात कुणाचे नुकसानही होत नाही. पण मग मेणबत्त्या काय वाईट होत्या? मुले येतील तर आमच्या वहीत जाणारे आकडे काढतील, एवढी एकच अट मी घातली.

पहिले दोन दिवस त्यांनी बाटल्या धुतल्या. यात शिक्षा कसली नव्हती. साबणाचा अंश राहिला तर पुढचा सगळा खटाटोप फुकट जातो, आणि मामांच्या हाताखाली बाटली धुणे हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. उजेडाकडे धरून ते अशी बाटली परत करीत, की शब्द न बोलता मुलाला कळावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही नदीवर गेलो. प्राणवायू मोजण्याची आमची रीत जुनी आहे. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ साली प्रसिद्ध केली. तीनशे मिलिलिटरची बाटली पाण्याने अशी भरायची की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मग तिथेच, काठावर, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही दोन द्रावणे घालून बूच लावायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका तयार होतो. भरपूर असेल तर गडद, कमी असेल तर फिकट, आणि अजिबात नसेल तर पांढरा. पुढे प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्ल घातले की साका विरघळून आयोडिनचा पिवळा रंग येतो. (हे आम्ल मुलांच्या हाती द्यायचे नाही, ते आम्हीच घालायचे.) मग ब्युरेटमधून हायपो थेंबथेंब सोडायचा, रंग फिका होताच स्टार्च घालायचा आणि निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तिथे थांबायचे.

तो एक थेंब ओळखणे यातच सारे कौशल्य आहे. आमच्या पदव्युत्तर वर्गातली मुलेसुद्धा तिथे घाई करतात. ही चौघे मात्र बाजारात हापूस निवडावा तशी डोळे लावून बसत. "अजून निळं दिसूलाय," मराठी शाळेतली वडगावची मुलगी म्हणायची. "होयतु, सर," म्हणजे 'गेला', असे कन्नड शाळेतला मुलगा म्हणायचा, आणि दोघांचे एकमत झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही असा नियम त्यांनी आपसांतच करून टाकला.

पाचव्या दिवशी एक गंमत झाली. तक्त्यात कंग्राळीखालच्या एका जागेचा आकडा निघाला आठ पूर्णांक नऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर. इथल्या विरळ हवेखाली पंचवीस अंशाच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्रकाठी ८.३. मग इथे ८.९ कुठून? शेवाळ दाट असेल तर भर उन्हात पाणी असे जास्त प्राणवायू धरते, हे खरे. पण नमुना सकाळी सातचा. आमच्या विद्यार्थ्याने द्रावण बदलले, बाटली तपासली, अर्धा दिवस घालवला. शेवटी वडगावच्या मुलीने कचऱ्याच्या डब्यातून आपली मूळ चिठ्ठी शोधून काढली. तिच्यावर देवनागरीत लिहिले होते, ४.१. कन्नड शाळेतल्या मुलाने ती चिठ्ठी तक्त्यात उतरवली होती. त्याच्या शाळेत इंग्रजी आकडे; त्याने आपल्या सवयीने चारला आठ आणि एकला नऊ वाचले. जरा ४ आणि १ कडे परक्याच्या डोळ्याने पाहा, म्हणजे पटेल.

या आपल्या सीमाभागात पाट्यांवरून काय काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. प्रयोगशाळेत तेवढे सोपे गेले. तक्ता इंग्रजी आकड्यांत आणि शेजारी आकडा अक्षरांत, ज्याच्या त्याच्या भाषेत. 'चार पूर्णांक एक' आणि खाली 'नाल्कु बिंदु ओंदु'. आजही आमची वही तशीच चालते. चिठ्ठ्या मात्र आता कुणी फेकत नाही. मामा त्या तारेला टोचून ठेवतात.

सातव्या दिवशी नाला. तिथे उभे राहणे जिवावर येते. वासाने एका मुलाला मळमळले आणि तो लांब बांधावर जाऊन बसला. मुलीने बाटली भरली, द्रावणे घातली, बूच लावून खालीवर केली. आम्ही थांबलो. साका तळाशी बसू लागला तो धुतलेल्या तांदळासारखा पांढरा.

"बिळी ऐति, सर."

"पांढरंच ऱ्हायलं की ओ!"

मी सांगितले की याचा अर्थ पाण्यात प्राणवायू उरलेला नाही. सांडपाण्यातली घाण कुजवताना जंतूंनी तो संपवला. माशांना किमान चार मिलिग्रॅम तरी हवा असतो. ती मुलगी बाटलीकडे बघत राहिली. मग तिने पलीकडे बोट केले. "ते आमचं भात हाय, सर. पावसाळ्यात नाला आत शिरतोय. आमच्या भाताला काय हुतंय?"

बासमतीच्या वासासाठी नावाजलेली ही जमीन. दहा दिवसांत विचारले गेलेले सर्वांत मोठे हे शास्त्रीय प्रश्नचिन्ह, आणि आमच्या बाटलीत त्याचे उत्तर नव्हते. प्राणवायूचा आकडा नाल्याविषयी बोलतो, भाताविषयी नाही. भातखाचराच्या चिखलात एरवीही प्राणवायू जवळजवळ नसतोच. भाताचे पीक त्यातच वाढते. धान्यात जड धातू उतरतात का, हे बघायला वेगळी यंत्रे लागतात आणि ती आमच्याकडे नाहीत. मी तिला हे असेच सांगितले. ती नाराज झाली नाही. दुसऱ्या दिवशी शेतातल्या विहिरीचे पाणी तिने दुधाच्या किटलीतून आणले.

प्राणवायू मोजायला ते पाणी निरुपयोगी. वाटेत हिंदकळून त्यात हवा मिसळलेली. पण क्लोराइड तर बघता येते. सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब टाकत पिवळे द्रावण विटकरी होईपर्यंत जायचे. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम. तिच्या विहिरीचा आकडा त्याच्या आत होता, पण नाल्यापासून दूरच्या दुसऱ्या विहिरीच्या जवळजवळ तिप्पट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सापडले! तेव्हा आमच्या प्रबंधवाल्या विद्यार्थ्याने, ज्याला मुले नको होती त्यानेच, शांतपणे विचारले, "शेताला खत कुठलं घालता? गोठा विहिरीपासून किती लांब?"

"पोटॅश घालतोय की ओ. गोठा विहिरीजवळच."

पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जनावरांच्या मुतातही क्लोराइड असते. झाले, टाळ्या थांबल्या. बाकीचे दिवस चौघांनी त्या शिवारातल्या आणखी सहा विहिरींचे पाणी आणले आणि प्रत्येकीपुढे खत, गोठा, नाल्यापासूनचे पावलांत मोजलेले अंतर लिहिले. नाल्याजवळच्या विहिरी एकंदरीत जास्त दाखवत होत्या, पण एवढ्या थोड्या विहिरींवरून छाती ठोकून बोलण्यासारखे नव्हते, आणि ते मुलांना आता आमच्याइतकेच कळत होते. आमच्या विद्यार्थ्याचे दहा दिवस गेले ते गेलेच. प्रबंध महिनाभर लांबला.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांनी तक्ता नीट ऐकून घेतला. म्हणाले, "नाल्याचं आमच्या नाकाला कवाच कळलंय, सर. आकडा कागदावर द्या. शिक्का मारून." मी सांगितले की शिक्क्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते, आमचा कागद कचेरीत चालायचा नाही. ते काही क्षण गप्प राहिले. "चालला नाही तर नाही. सह्या तरी करा."

चौघांनी खाली सह्या केल्या, दोन मराठीत, दोन कन्नडमध्ये. त्यांनी कागदाची घडी घातली आणि जमिनीचे उतारे ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सर्वांत वर ठेवली.