लेहरा धरणाऱ्याची पाळी

‘जॅझ म्हणजे काय हो, आपलं शास्त्रीयच की! तेही ऐन वेळी सुचेल ते वाजवतात.’ मी जॅझ थिअरीच्या संध्याकाळच्या वर्गाला जातो हे कळलं की बॉस्टनमधलं कुठलंही मराठी घर मला हे वाक्य ऐकवतं. बोलणारा बहुधा गाणारा असतो आणि त्याचा हेतू धीर देण्याचा असतो. धीर मला हवाच आहे. पण या वाक्याने चिडचिड होते, आणि ती का, हे सांगायचं तर थोडं व्याकरण सांगणं भाग आहे.

वर्गात सुरुवातीला शिकवतात ते इतकंच, की तीन सुरांच्या कॉर्डवर चौथा सूर चढवा. पांढरी एकला सा धरला तर रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावर उभ्या केलेल्या या कॉर्ड, म्हणून नाव ‘टू-फाइव्ह-वन’. जॅझवाले ज्यांना स्टँडर्ड म्हणतात त्या जुन्या अमेरिकन गाण्यांत ही त्रयी पानोपानी सापडते. सगळे शुद्ध सूर, बिलावल थाट. पेटीवाल्याने यात घाबरण्यासारखं काय आहे?

ते पुढे आहे. शिक्षक विचारतात, पहिल्या कॉर्डमध्ये रे कितवा? पहिला. दुसऱ्या कॉर्डमध्ये तोच रे? पाचवा. तिसरीत? नववा. दर कॉर्डला मोजणी नव्याने. हेही एक वेळ जमतं, कारण मूळ सा अजून जागेवर आहे. मग जेरोम कर्न यांचं १९३९ सालचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ पुढ्यात येतं. ३६ बारांच्या या गाण्यात खुद्द सा हलतो. ए फ्लॅटवरून सी, तिथून ई फ्लॅट, जी, ई आणि पुन्हा ए फ्लॅट. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाने कशाला धरून बसावं? आपल्याकडे सा एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि रागाचं सारं सुख त्या न हलणाऱ्या सापासूनच्या अंतरांत आहे. इथलं सुख सा हलण्यात आहे. राहिलं ऐन वेळी सुचणं. ते तर कीर्तनकारालाही सुचतं. म्हणून कीर्तन म्हणजे जॅझ होत नाही.

गाणाऱ्यांच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवत नाही. माइल्स डेव्हिसचं १९५९ चं ‘सो व्हॉट’ घ्या. १६ बार डी डोरियन, म्हणजे डीला सा धरून आपला काफी थाट. मंडळी खूश होतात. पुढचे ८ बार तोच काफी अर्ध्या सुराने वर सरकतो आणि मग ८ बार परत खाली येतो. खूश राहायला सलग १६ बार मिळतात, एवढंच.

नातं जोडायचंच असेल तर ते गाण्याच्या वर्गात शोधू नये, तबल्याच्या वर्गात शोधावं. मी तारुण्याचा बराच भाग तबल्याच्या वर्गात लेहरा धरण्यात घालवला आहे, तेव्हा हे मत निःपक्षपाती नाही. एकल तबलावादनात पेटी किंवा सारंगी १६ मात्रांची तीच ओळ फिरवत राहते. तबलावादक तिच्यावर पेशकार, कायदे, रेले मांडतो आणि समेवर येतो. ऐकणारा हरवला तर लेहरा त्याला जागा दाखवतो. आता स्टँडर्ड बघा. आधी सगळे मिळून गाण्याची चाल वाजवतात. मग चाल बाजूला ठेवतात, पण तिच्याखालची कॉर्डची ओळ तशीच फिरत राहते. ब्लूज असेल तर १२ बार, बाकी गाणी बहुतेक ३२ बारांची. चारच्या मापाने ३२ बार म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. सॅक्सोफोनवाला त्यावर हवी तितकी आवर्तनं घेतो. एका आवर्तनाला कोरस म्हणतात. पहिल्या मात्रेला म्हणतात ‘टॉप’, आणि टॉप हरवणाऱ्याकडे सगळा मंच वळून बघतो. शेवटी ड्रमवाला आणि इतर वादक चार-चार बार वाटून घेतात, तो सरळसरळ सवाल-जवाब. गर्शविन यांच्या १९३० च्या ‘आय गॉट रिदम’चा लेहरा तर इतका सोयीचा निघाला की त्यावर किती तरी नव्या चाली बसल्या. पार्कर-गिलेस्पी जोडीची ‘अँथ्रपॉलॉजी’, सनी रोलिन्सची ‘ओलिओ’. लेहरा तोच, कायदा नवा.

फरक आहेतच. आपली तिहाई सम येत असल्याचं तीनदा बजावते. इथला वादक टॉप ओलांडून बोलत पुढे जातो आणि वाक्य भलत्याच बारात संपवतो. आपला हात एक आणि तीनवर पडतो, इथली हाय-हॅट दोन आणि चारवर मिटते. दोन्ही परंपरा थोर आहेत. तरी तिहाई नसलेली मैफल मला अळणी लागते.

मात्र एका बाबतीत जॅझने आपल्याला मागे टाकलं आहे. लेहरेवाल्याने सूरही बदलायचा नसतो. एक मुरकी घेतली की तबल्याकडून डोळे वटारले जातात. इथे पियानोवाला तीच ओळ दर फेरीला वेगळ्या मांडणीने देतो, आणि सॅक्सोफोन थांबला की त्यालाही पाळी मिळते. पाठोपाठ बासवाल्यालाही.

घरी पेटी असेल तर करून बघा. तंबोऱ्याचं ॲप बंद करा. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची दोनच बोटं, खाली म आणि वर तार सा. गळ्याने रे धरा. पहिली कॉर्ड झाली. गाळलेला सूर कान भरून काढतो. आता म तसाच ठेवून साचा नी करा, गळ्याने प. दुसरी झाली. आता नी तसाच ठेवून मचा ग करा, गळ्याने सा. तिसरी. दर वेळी एकच बोट एकाच पट्टीने खाली आलं. कॉर्डचे हे तिसरे आणि सातवे सूर म्हणजे ‘गाइड टोन’. कॉर्डची ओळख त्यांच्यात असते. हे अंगवळणी पडलं की मधल्या कॉर्डला एक खोडी करा. बोटं म आणि नीवरच, पण गळ्याने पऐवजी कोमल रे. खालचा सूर आता रे, कोमल रे, सा असा उतरतो आणि वरचं काही बिघडत नाही. म आणि शुद्ध नी यांच्यात बरोबर अर्ध्या सप्तकाचं अंतर आहे, म्हणून ही जोडी पच्या कॉर्डमध्येही बसते आणि कोमल रेच्याही. वर्गात याला ‘ट्रायटोन सब्स्टिट्यूशन’ म्हणतात आणि ते कळायला बरीच फी पडते.

लेहऱ्यांचं पुस्तक हवं असेल तर ‘द रिअल बुक’ घ्या. १९७० च्या दशकात इथल्याच बर्कली संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहून, रॉयल्टी बुडवून, झेरॉक्सच्या जोरावर ते पसरवलं. २००४ मध्ये हॅल लेनर्डने परवाने घेऊन छापलं. पेटीवाल्यांनी सी आवृत्ती मागावी. बी फ्लॅटची ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सवाल्यांसाठी असते. कॉर्ड मात्र ध्वनिमुद्रणाशी पडताळून घ्या. मग मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरच्या वॉलीजमध्ये जाऊन बसा. बार्बाडोसहून आलेल्या जोसेफ वॉल्कॉट यांनी हा क्लब १९४७ मध्ये सुरू केला, आणि संगीत शिकणाऱ्या पोरांची खरी परीक्षा तिथे होते. १२८ मोजत ऐका. हरवलात तर ड्रमवाल्याकडे बघा, आठ बार संपताना तो बहुधा काही तरी खूण ठेवतो.

आता पालकांना एक विनंती. इथल्या अनेक शाळांत सहावी-सातवीपासून जॅझ बँड असतो. मुलाची तिथे निवड झाली की वेळ काढण्यासाठी पहिली कात्री रविवारच्या तबल्याला लागते. गाण्याच्या वर्गाबद्दल मी काही बोलत नाही. तबला मात्र चालू ठेवा.