सलगमाचा दिवा

आमचे ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त डब्लिन येथें राहतात. गतवर्षीं ऑक्टोबरअखेर त्यांच्याकडे आमचें जाणें झालें, तों दुकानोदुकानीं डोळे-दांत कोरलेले भोपळे मांडलेले! हा हॅलोविन अमेरिकेचा सण, अशी आमची समजूत होती. चिरंजीवांनीं वाद घातला नाहीं. ते आम्हांस पश्चिमेकडील मेयो परगण्यांत, कासलबारजवळील टर्लो पार्क येथील राष्ट्रीय लोकजीवन-संग्रहालयांत घेऊन गेले.

तेथें कांचेआड एक चेहरा होता. खोल डोळे, विचकलेले दांत, सुरकुतलेली कातडी. आम्ही क्षणभर दचकलोंच. तो सलगम कोरून केलेल्या दिव्याचा ठसा होता. मूळ दिवा डोनेगल परगण्यांतील फिनटाउन गांवच्या एका शिक्षिकेनें १९४३ सालीं संग्रहालयास दिलेला. आयरिश लोक देशांतर करून अमेरिकेस गेले, तेव्हां कोरावयास मऊ व मोठा भोपळा त्यांस तेथें मिळाला आणि सलगम मागें पडलें.

मूळ सणाचें नांव सॉविन. या नांवाचा एक मृत्युदेव कांहीं जुन्या इंग्रजी पुस्तकांत आढळतो. तो निव्वळ भ्रम होय. सॉविन म्हणजे उन्हाळ्याचा अंत. आयरिश भाषेंत नोव्हेंबर महिन्यासहि हेंच नांव आहे. दिवस सूर्यास्तापासून धरीत, म्हणून १ नोव्हेंबरचा सण आदल्या सायंकाळींच लागे. रॉसकॉमन परगण्यांत रॅथक्रोहन येथें ‘मांजरांची गुहा’ आहे. त्या रात्रीं तींतून भयंकर प्राणी बाहेर पडत, असें जुन्या कथांत आहे. आम्हीं बाहेरूनच दर्शन घेतलें. रांगत आंत शिरणें या वयास झेपण्यासारखें नव्हतें.

आमचें चित्त रमलें तें घरांतील रीतींत. त्या रात्रीं मृत आप्त घरीं येतात, अशी श्रद्धा. म्हणून निजण्यापूर्वीं चुलीपुढची जागा झाडून विस्तव राखावयाचा, दाराची कडी लावावयाची नाहीं, आणि विस्तवाजवळ आसनें मांडून ठेवावयाचीं. धर्माज्ञेनें त्या दिवशीं मांस वर्ज्य असे. कोबी, बटाटे व लोणी यांचें कालकॅनन करीत. (सूनबाईंनीं तें वाढलें, मीठ बेताचें, परंतु चव उत्तम.) मनुकांच्या गोड पावांत आंगठी, नाणें, चिंधी लपवीत. आंगठी सांपडेल त्याचें वर्षाच्या आंत लग्न. चिंधीचें फळ वाचकांनींच ओळखावें.

या रीती इतक्या तपशिलानें टिकल्या त्याचें श्रेय बव्हंशीं शाळकरी मुलांस आहे. १९३७ ते १९३९ या काळांत आयरिश लोकविद्या मंडळानें शिक्षकांच्या साह्यानें प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांस काम दिलें: निबंधाऐवजीं घरच्या वृद्धांस विचारून जुन्या चालीरीती लिहून आणाव्यात. सुमारें ५,००० शाळांतील अजमासें ५०,००० मुलांनीं तें केलें.

हें ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतों. तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं निबंधाचा तास घेतला. ‘नदीचें आत्मवृत्त’ किती वेळां लिहवून घेतलें, त्याची गणती नाहीं. पण ‘आजीस विचारून ये’ असें एकाहि मुलास सांगितलें नाहीं. आमच्या मातोश्री पहांटे दळतांना ओव्या म्हणत. त्यांतील दोनच आज आठवतात.

एकतीस तारखेच्या रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं दिवाणखान्यांतील एक खुर्ची शेगडीजवळ सरकवून ठेविली. सकाळीं सूनबाईंनीं ती जागेवर लावली. विचारलें कांहीं नाहीं.