शॉवर कॅप घातलेला पहारेकरी

चंडीमंदिरला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. माझी पुतणी नोकरीसाठी चंडीगडला आली आणि सेक्टर 32 मधल्या एका पीजीत राहू लागली. साताऱ्याहून दादाचा फोन आला, "एकदा खोली बघून ये रे." रविवारी गेलो.

खोली नीटनेटकी होती. वर बघितलं तर छतावरच्या स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप घातलेली!

"हे काय गं?"

"काका, आंघोळ करून दार उघडलं की वाफेनं बोंबलतं ते. दोनदा सगळ्याजणी धावत खाली उतरलो. मग आंटीच म्हणाल्या, झाकून टाक."

मला रागवता येईना. हाच गुन्हा मी रणगाड्यावर असताना केला होता. गॅरेजमध्ये वेल्डिंगच्या लखलखाटाला आमच्या सेन्सरनं आग समजून सिलिंडर सोडला. पुन्हा कटकट नको म्हणून मी स्विचच बंद करून ठेवला. उस्तादांनी पकडलं. "गोळा आत घुसल्यावर स्विच शोधायला वेळ मिळेल का तुला?" आणि मग दुपारभर पिठ्ठू.

उस्तादांचं खरं होतं. रणगाड्यातला ऑप्टिकल सेन्सर काही मिलिसेकंदांत ज्वाला ओळखतो. पापणी लवेपर्यंत आग विझायला हवी, नाहीतर आतली माणसं वाचत नाहीत. पण लवकर ओळखणं हे अर्धंच काम. आग नसलेलंही ओळखावं लागतं. जळत्या इंधनातला तप्त कार्बन डायऑक्साइड साधारण 4.3 ते 4.4 मायक्रॉनच्या इन्फ्रारेड पट्ट्यात चमकतो. म्हणून चांगले सेन्सर तो पट्टा आणि शेजारचे पट्टे ताडून बघतात. ऊन किंवा तापलेलं इंजिन त्या परीक्षेत नापास होतं. शिवाय ज्वाला फडफडते, तापलेलं लोखंड फडफडत नाही.

पुतणीच्या छतावरची डबी साधी होती. आत अंधार, एक छोटा दिवा आणि त्याच्या उजेडाच्या वाटेबाहेर बसवलेला एक डोळा. धूर शिरला की उजेड विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. वाफेनंही तेच होतं. निळा आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरणारे नवे डिटेक्टर धुराचे बारीक कण वाफेच्या मोठ्या थेंबांपासून वेगळे ओळखू शकतात. हिच्या डबीला ती अक्कल नव्हती, आणि तिला बसवलं होतं नेमकं बाथरूमच्या दारावर.

मी पुतणीला एवढंच सांगितलं, की 22 फेब्रुवारी 2020 ला याच सेक्टर 32 मध्ये एका पीजीला आग लागून तीन तरुण मुली गेल्या. ती गप्प झाली. मग स्वतःच खुर्चीवर चढली आणि कॅप काढली. इलेक्ट्रिशियन बोलावून डिटेक्टर दारापासून लांब बसवून घेतला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. "काका, काल रात्री कुणाचा तरी चार्जर जळाला. अलार्म वाजला, सगळ्याजणी खाली उतरलो. या वेळी कुणीच कुरकुर केली नाही."

मंडळी, तुमची पोरं बाहेरगावी राहत असतील तर भेटायला गेल्यावर एकदा छताकडेही बघा.