मॅक्स म्युलरची दोन टिंबे

१/९
जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. त्यातल्या ‘ओ’ या अक्षरावर दोन टिंबे दिली की तोच शब्द ‘सुंदर’ होतो. आ, ओ आणि ऊ या तीन स्वरांवर येणाऱ्या या टिंबांना उमलाउट म्हणतात. त्यांच्या जोडीला ‘स’साठीचे एस्झेट हे खास अक्षर आहे. संगणकाच्या पडद्याने या चौघांना कशी जागा दिली, त्याचा हा धागा.

२/९
टिंबांचे मूळ हस्तलिखितांत आहे. स्वराच्या डोक्यावर लहानसे ‘ए’ हे अक्षर लिहीत. जुन्या जर्मन वळणात ते दोन उभ्या रेघांसारखे दिसे. पुढे रेघांची टिंबे झाली. टिंबांची सोय नसेल तिथे स्वरापुढे ‘ए’ लिहितात, त्यामागे ही जुनी परंपरा आहे.

३/९
१९६३ साली अमेरिकेत आस्की संकेत आला. ७ बिटांच्या १२८ जागा. त्यांत उमलाउट नव्हते. १९७४ च्या डीआयएन ६६००३ या जर्मन मानकाने चौकोनी आणि महिरपी कंसांसारख्या चिन्हांच्या जागा या अक्षरांना दिल्या. परिणामी अशा पडद्यावर ‘सी’ भाषेतला प्रोग्राम उघडला, की महिरपी कंसांऐवजी उमलाउट दिसत.

४/९
८ बिटांनी २५६ जागा दिल्या, पण एकवाक्यता दिली नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीवर, कोड पेज ४३७ मध्ये, छोट्या ऊ-उमलाउटचा क्रमांक १२९ होता. १९८७ च्या लॅटिन-१ मानकात तो २५२ झाला. कोड पेज ४३७ मध्ये २५२ वर घातांकातला लहान ‘एन’ बसलेला. म्हणजे लॅटिन-१ मध्ये लिहिलेले ‘म्युलर’ हे नाव तिथे उघडले, की नावाच्या मधोमध गणिती चिन्ह!

५/९
जर्मन नावांच्या याद्या चाळण्यासाठी मी लिनक्सचा निव्वळ मजकुराचा कन्सोल वापरते. तिथे तीन गोष्टी जुळाव्या लागतात : कळ दाबल्यावर कोणते अक्षर जावे, त्या अक्षराचा संकेतांक कोणता आणि पडद्यावर आकृती कोणती उमटावी. ‘लोडकीज’ ही आज्ञा पहिले काम करते, ‘सेटफॉन्ट’ तिसरे. मधले काम भाषा-संकेताच्या मांडणीचे, म्हणजे लोकेलचे.

६/९
आजच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक उमलाउट दोन बाइट घेतो. कन्सोल जुन्या पद्धतीने एकेक बाइट वाचत असेल, तर एका अक्षराच्या जागी दोन अनोळखी चिन्हे उमटतात. अशा वेळी फाइल बहुधा शाबूत असते. वाचणारा संकेत चुकीचा असतो. म्हणून दिसेल ते ‘दुरुस्त’ करून साठवण्याची घाई करू नये.

७/९
इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची पर्वा का? कारण नाव हाच शोधाचा धागा. एका यादीत टिंबांसह म्युलर, दुसरीत ‘ऊ’पुढे ‘ए’ लिहून, तिसरीत टिंबे गाळून. एकाच रूपाने शोधले, तर तोच माणूस उरलेल्या दोन याद्यांत सापडत नाही.

८/९
यंत्राने उलटे रूपांतर करावे, तर तेही धोक्याचे. पुण्या-मुंबईतल्या ग्योथे इन्स्टिट्यूट – मॅक्स म्युलर भवनाची रोमन पाटी पाहा. ‘म्युलर’मधला ‘ए’ टिंबांऐवजी आलेला आहे. ‘ग्योथे’मधला ‘ए’ मात्र नावाच्या रूढ लेखनातलाच. सरसकट टिंबे बसवली, तर म्युलर सुधारेल आणि ग्योथे बिघडेल. हा फरक नियमाला कळत नाही, तो माणसाला माहीत असावा लागतो.

९/९
म्हणून नोंद करताना मी मूळ कागदावरचे रूप तसेच ठेवते आणि पर्यायी रूपे शेजारच्या रकान्यात लिहिते. काम दुप्पट होते. पण टिंबांअभावी एखादा माणूस यादीतून नाहीसा झाला, तर त्याची उणीव कोणाला जाणवतही नाही. कारण जे सापडले नाही, ते होते हेच शोधणाऱ्याला ठाऊक नसते.