तीन रुग्णांचा पुरावा

रात्री डाव्या कुशीवर वळले की ठोका चुकायचा. क्षणभर छातीत काहीच नाही, आणि मग आतून एक दणका. २४ तासांचं होल्टर लावलं. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी, हातात वेळा लिहायचा कागद. १:१०, १:१२, १:१३. जादा ठोके भरपूर निघाले, टूडी इको मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे. चहा कमी करा, झोप नीट घ्या."

भाच्यानं टॉरिन या पूरक पावडरीचा डबा आणला. "मावशी, घेऊन तर बघ. यावर पेपर आहे."

रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून पेपरच वाचायला घेतला. ईबी आणि हॅल्कम यांचा, २००६ सालचा. रोज १० ते २० ग्रॅम टॉरिन, जोडीला आर्जिनिन, आणि जादा ठोके जवळजवळ नाहीसे. रुग्ण तीन! तुलनेला दुसरा गटच नाही. असे ठोके आपणहूनही वाढतात नि ओसरतात. मग श्रेय पावडरीला कसं द्यायचं?

टॉरिन म्हणजे थोतांड नव्हे. हृदयाच्या स्नायूत ते भरपूर असतं. ते कमी पडलेल्या मांजरांचं हृदय फुगून दुबळं होतं आणि टॉरिन दिल्यावर सावरतं, हे १९८७ मध्ये दिसलं. पण मांजरांत त्याची उणीव होती. माझ्यात ती आहे असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

त्याच २००६ साली आर्जिनिनची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १५३ रुग्ण. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली.

त्याहून मला हलवलं ते 'कास्ट' चाचणीनं. झटक्यानंतर जादा ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली. ठोके खरोखरच दबले, आणि माणसं जास्त गेली: औषधाच्या गटात ६३, दुसऱ्यात २६. मला झटका आलेला नाही, हे मी जाणते. तरीही रात्रभर कागदावर ज्या ठोक्यांचा हिशेब मांडत होते, ते थांबले म्हणजे जीव वाचला असं नसतं, हे वाचून हात गार पडले.

डबा भाच्याला परत दिला. "मग तू करणार काय?" त्यानं काळजीनं विचारलं. दुपारनंतरचा चहा सोडलाय. निजते उजव्या कुशीवर.