दगडही सरकतात, कॅम्परही!

डेथ व्हॅलीला हॉटेल-बिटेल काही नाही, असं मित्राने आधीच जाहीर केलं होतं. त्याच्या पिकअपच्या हौद्यात पॉप-अप कॅम्पर आहे. रस्त्यावर चपटा डबा, मुक्कामाला छत वर ढकललं की कापडी भिंतींची मस्त खोली. गादी, शेगडी, सिंक सगळं आत!

हे साडेचारशे किलोंचं घर गाडीला कायमचं जोडलेलं नसतं बरं का. खाली घसरू नये म्हणून रबरी मॅट आणि चार कोपऱ्यांना चार टर्नबकल. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना हुक आणि मधे आटे. मधला भाग फिरवला की आवळतं. मी जोर लावून पिळायला लागलो, तर मित्र ओरडला, ''अरे बास! हुकाची कडी उपटून येईल!'' हाताने घट्ट, वर अर्धा फेरा, मग लॉकनट. हा लॉकनट नसेल तर हादऱ्यांनी आटे आपोआप उलटे फिरतात. तो लावायचं काम माझ्याकडे होतं.

युबेहीबी क्रेटरपासून रेसट्रॅक प्लायापर्यंत ४३ किलोमीटर कच्चा रस्ता. पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा, दात वाजतात अक्षरशः. टीकेटल जंक्शनला लोकांनी टांगलेल्या किटल्यांचे फोटो काढायला उतरलो आणि पाहिलं, तर कॅम्पर चार बोटं डावीकडे! एक टर्नबकल लोंबकळत होतं. फोनला रेंज शून्य, सूर्य कलायला लागलेला. मित्र काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

साडेचारशे किलो हाताने ढकलणार कोण? शेवटी हौद्याची भिंत आणि कॅम्पर यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा आणि गाडीचा जॅक आडवा लावून इंच-इंच सरकवला. पाऊण तास गेला. आपल्याकडचा टेम्पोवाला दर चहाला उतरून दोरखंड ताणून बघतो, तो उगाच नाही. या वेळी चारही लॉकनट मी दोनदा तपासले.

प्लायावर पोचलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. भेगाळलेल्या सपाट चिखलावर दगड आणि प्रत्येकामागे त्याने ओढलेली लांब रेघ. काही दगड तीनशे किलोंचे! हे कोडं २०१४ मध्ये सुटलं. थंडीत साचलेल्या पाण्यावर बर्फाचे पातळ पापुद्रे धरतात, ते फुटून हलक्या वाऱ्याने वाहू लागले की दगडांना ढकलत नेतात.

''यांना पण कोणी लॉकनट लावला नव्हता वाटतं,'' मित्र म्हणाला. तासाभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

रात्री वारा सुटला. मी टॉर्च घेऊन दोनदा खाली उतरलो.