बॉल नसलेला खेळाडू

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. संघांची नावंसुद्धा तालमींची: पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. मी मंगळवार पेठेतला, म्हणून पाटाकडीलचा. खेळ बघायला मात्र मला शिकवलं ते सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या तात्यांनी. ते स्वतः कुठल्याच संघातून खेळले नव्हते. तिकीट काढून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारे साधे समर्थक होते.

मी बारा वर्षांचा होतो. समोरच्यांचा गोल उघड ऑफसाइड आहे म्हणून लाइन्समनच्या नावानं ओरडत होतो. तात्यांनी विचारलं, "पास सुटला तवा त्यो कुठं हुता, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. माझी नजर बॉलवर होती. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी जमिनीवर छर्रे मांडून मला ऑफसाइड समजावला. तो ठरतो पास सुटतो त्या क्षणी, बॉल पायात येतो तेव्हा नव्हे. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला खेळाडू तर १९९० पासून ऑफसाइड धरतच नाहीत. "बॉल सगळीच बघत्यात," ते म्हणाले. "ज्याच्याकडं न्हाई, त्याच्याकडं बघत जा."

सतराव्या वर्षी एका हरलेल्या सामन्यात मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली मैदानात भिरकावली. ती लाइन्समनच्या पायाला लागली. सामना संपल्यावर तात्यांनी मला खाली नेलं आणि माझ्याआधी स्वतःच त्या माणसापुढे हात जोडले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांचे ते ग्रीसनं काळे झालेले हात मला आजही खाली मान घालायला लावतात.

पुढे वडील आजारी पडले. दवाखाना, बिलं, उसनवारी यांत मी पुरता गोंधळलो. तात्या प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. कागद तारखेवार लावले. "मूळ कागद हातचा सोडायचा न्हाई, झेरॉक्स द्यायची. कुणाचं किती घेतलं ते त्याच दिवशी वहीत लिहायचं." त्या वहीमुळे पुढे मला कुणापुढे खोटं पडावं लागलं नाही.

फाइल बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, "आईच्या गोळ्या कोण आणतं?"

मला माहीत नव्हतं. आई रक्तदाबाच्या गोळ्या घेते एवढंच ठाऊक होतं. घरी येऊन डबा उघडला. पैसे वाचावेत म्हणून ती एक दिवसाआड गोळी घेत होती, दोन महिने. त्या दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाची नजर वडिलांच्या खाटेवर होती. माझीही. मी मोठा मुलगा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. आई आज आहे, ती त्या एका प्रश्नामुळे, असं मी मानतो.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला. दिल्लीतला अमेरिकेविरुद्धचा पहिला सामना आम्ही दुकानातल्या छोट्या टीव्हीवर बघितला. भारत ३-० हरला. पोरं हळहळत होती. तात्या मात्र मला हळूच म्हणत होते, "बॉल न्हाई तवा पोरगं कुठं पळतंय बघ." त्यांचे डोळे भरले होते.

तात्या दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. ते गेल्यावर शेजाऱ्यांबरोबर मी ती खोली आवरायला गेलो. खिडकीत गोळ्यांची पाकिटं होती. साखरेच्या होत्या, असं औषधवाल्यानं सांगितलं. बरीचशी फोडलेलीच नव्हती.

त्यांच्या गोळ्या कोण आणतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.